फायबरचा डबा घरी बसवला, पॉवर तपासली, अख्खा पावसाळा वापरला: माझा अनुभव

आमचं घर देवरुखच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून आत उतारावर. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते आणि आई-बाबा इथेच असतात. जुनी तांब्याची लँडलाइन होती ती दर पावसाळ्यात जून लागला की खरखरायला लागायची आणि जुलैपर्यंत गप्प. पण नंबर सोडवत नव्हता, कारण मुंबईच्या आत्यापासून ते बाबांच्या शाळेतल्या जुन्या मुलांपर्यंत सगळ्यांना तोच नंबर पाठ आहे. मग गावात फायबर आली, लोकल ऑपरेटर म्हणाला की इंटरनेट आणि तोच लँडलाइन नंबर दोन्ही एकाच डब्यावर मिळेल, आणि डबा आमच्याकडून भाड्याने घ्या नाहीतर स्वतःचा आणा. मी स्वतःचा आणला, ड्युअल बँड, चार लॅन पोर्ट आणि एक फोनचा पोर्ट असलेला, २,२०० रुपयांना पडला. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण काही तक्रारी आहेत, आणि तसंही मला जे सांगायचंय ते ह्या प्रकारच्या कुठल्याही डब्याला लागू आहे.

ह्या डब्याला ओएनटी म्हणतात, काही जण ओएनयू म्हणतात, आमच्याकडे सगळे मोडेमच म्हणतात. खरं तर हे लाइनचं शेवटचं टोक. काचेच्या धाग्यातून आलेला उजेड इथे थांबतो आणि पुढे त्याचं लॅन, वायफाय आणि टेलिफोन होतं. ऑपरेटरच्या खोलीत ओएलटी नावाचं मोठं मशीन असतं, तिथून एक फायबर निघते, वाटेत खांबावर स्प्लिटर लावून तिचे फाटे करतात आणि प्रत्येक घरात एक फाटा जातो. वरून खाली येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून वर जाणारा १३१० चा, त्यामुळे एकाच धाग्यावर दोन्ही दिशांनी बोलणं चालतं. जीपॉनमध्ये (अशा फायबर जाळ्याचा एक प्रकार) खाली २.४८८ जीबीपीएस आणि वर १.२४४ जीबीपीएस, आणि हे त्या फायबरवरच्या सगळ्या घरांत मिळून. वर बोलताना प्रत्येक डब्याला आपापली पाळी मिळते, म्हणून चालू झाल्या झाल्या ओएलटी आधी आपला डबा किती लांब आहे ते मोजून घेतं, नाहीतर दोन घरांचे सिग्नल एकमेकांवर आदळतील.

घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारा, ऑपरेटरचं मशीन जीपॉन आहे की इपॉन. दोन्ही वेगळे प्रकार आहेत, इपॉनचा डबा जीपॉनवर चालत नाही. एक्सपॉन लिहिलेले डबे दोन्हीवर चालतात आणि थोडेच महाग असतात, मी तोच घेतला. दुसरं, आपण घेतोय त्या कंपनीचा डबा ऑपरेटरच्या मशीनवर आधी कोणाकडे चालवलाय का हेही विचारा. हे मी विचारलं नव्हतं आणि फोन चालू व्हायला त्यामुळे दोन दिवस गेले, ते पुढे येईलच.

बसवायला आलेला मुलगा विशीतला, हात एकदम साफ. खांबावरून ड्रॉप वायर ओढून आणली. ह्या काळ्या चपट्या वायरीत काचेच्या धाग्याबरोबर आधाराला एक स्टीलची तार असते. ती त्याने घराबाहेरच्या हुकाला बांधून तिथेच तोडली आणि आत फक्त फायबर घेतली. मी त्याला मुद्दाम विचारलं तर म्हणाला "ताई, काचेतून वीज येत नाही पण ह्या तारेतून येऊ शकते ना." आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी ज्या विजा पडतात त्या बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे कोणी ती तार थेट आत आणून टीव्हीच्या मागे गुंडाळून ठेवली असेल तर तोडून घ्या.

मग त्याने वायरीचं वरचं कव्हर सोललं, आतल्या धाग्यावरचा रंगीत लेप काढला, उघडी काच केसाएवढी बारीक, ती स्पिरिटच्या कागदाने पुसली तेव्हा कागदावर कुईं असा बारीक आवाज आला, म्हणाला असा आवाज आला की साफ झाली. क्लीव्हरमध्ये ठेवून टक् करून कापली. तुटलेला मिलीमीटरभर तुकडा त्याने चिकटपट्टीवर उचलून घेतला कारण तो पायात गेला तर दिसतही नाही आणि निघतही नाही. घरात लहान मुलं असतील तर हे तुकडे कुठे पडतायत त्यावर लक्ष ठेवा. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही म्हणजे तो नाही असं नाही.

फास्ट कनेक्टर लावला, भिंतीवरच्या छोट्या डबीत जोडला, डबीपासून ओएनटीपर्यंत पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबरची छोटी दोरी. डबा चालू केला, पॉनचा, म्हणजे फायबरची जोडणी दाखवणारा, दिवा लुकलुकला. मग रजिस्ट्रेशन. डब्याच्या खालच्या बाजूला जीपॉन सिरीयल नंबर असतो, चार अक्षरं कंपनीची आणि पुढे आठ खुणा, तो ऑपरेटरला कळवायचा आणि तो त्यांच्या मशीनमध्ये भरतात. पहिल्यांदा जमलंच नाही. दोनदा फोन झाले. शेवटी मी मोबाइलने स्टिकरचा फोटो काढून मोठा करून बघितला तर ८ होता तो त्याने बी म्हणून सांगितला होता. अजून एक, त्या शेवटच्या आठ खुणांत ० ते ९ आणि ए ते एफ एवढंच असतं, ओ नसतोच, म्हणजे गोल दिसला की तो शून्यच. नंबर तोंडी सांगू नका, सरळ फोटो पाठवा.

नंबर बरोबर गेल्यावर मिनिटभरात पॉनचा दिवा स्थिर हिरवा. मुलगा म्हणाला "लागलं ताई, हिरवा आहे" आणि सामान आवरायला लागला.

इथेच मी त्याला थांबवलं. हिरवा दिवा म्हणजे जोडणी झाली एवढंच, ती किती काठावर झालीये ते दिवा सांगत नाही. डब्याचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडलं, स्टेटसमध्ये पॉनची माहिती असते, तिथे आरएक्स पॉवर लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्यापर्यंत उजेड किती पोचतोय. आमची आली उणे २६.४ डीबीएम. डीबीएम हे उजेडाच्या ताकदीचं माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, आणि त्यातली घट डीबीत मोजतात. नेहमीच्या बी प्लस क्लासच्या (उजेड किती कमी झाला तरी चालतो त्याचा ठरलेला वर्ग) डब्याला उणे २७ पर्यंतचं समजतं, त्याच्या खाली गेलं की तुटायला लागतं. म्हणजे आमच्याकडे अर्ध्या डीबीहून जरासं जास्त एवढंच अंतर शिल्लक होतं, आणि हे मे महिन्यातल्या कोरड्या ठणठणीत दिवशी. पहिल्या पावसात एखाद्या जॉइंटमध्ये ओल गेली असती की रोज लाल दिवा.

ह्याचा हिशोब अवघड नाही, मी कागदावर करून बघितला. ओएलटीतून समजा अधिक ४ डीबीएम निघते. आमच्या लाइनवर आठ फाट्यांचा एक स्प्लिटर आणि पुढे परत आठाचा एक, प्रत्येकात साधारण साडेदहा डीबी जातात, म्हणजे २१. फायबर किलोमीटरला ०.३ डीबीच्या आसपास खाते, आम्ही पाच किलोमीटरवर, म्हणजे दीड. जॉइंट आणि कनेक्टर मिळून दोन धरा. चारातून साडेचोवीस गेले, उरले उणे साडेवीस. आणि प्रत्यक्षात उणे २६.४. जवळजवळ सहा डीबी कुठेतरी गळतायत. दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो, म्हणजे सहा म्हणजे चारातले तीन भाग वाया.

मुलगा आधी म्हणाला की खांबावरूनच कमी येत असेल. मी म्हटलं मोजून बघ. त्याने पॉवर मीटर १४९० वर लावून ड्रॉप वायरीच्या टोकाला मोजलं तर उणे २१.१. म्हणजे खांबापासून भिंतीपर्यंत सगळं ठीक, गडबड शेवटच्या एक मीटरमध्ये. मग डबी उघडली आणि दिसलं. ड्रॉप वायरीला कनेक्टर हिरवा, आणि पॅचकॉर्डचं डबीकडचं टोक निळं. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं काचेचं तोंड आठ अंशात तिरकं घासलेलं असतं. निळा म्हणजे यूपीसी, त्याचं तोंड सरळ. दोन्ही एकमेकांत व्यवस्थित बसतात, खट्ट आवाजही येतो, पण आत एक तिरकं आणि एक सरळ तोंड, मध्ये हवेची फट राहते आणि उजेड तिथे सांडतो. शिवाय परत मागे उसळतो तो वेगळाच. बॅगेत त्याच्याकडे हिरवी-हिरवी पॅचकॉर्ड होती, ती लावली, दोन्ही तोंडं पुसून घेतली, पान रिफ्रेश केलं, उणे २१.३.

एका शंभर-दीडशे रुपयांच्या दोरीने पाच डीबी परत आले. आणि दिवा दोन्ही वेळा तितकाच हिरवा होता, स्पीड टेस्टही मी जुनी दोरी असताना मोबाइलवर एकदा केली होती ती चांगली आली होती. डिजिटल लाइनचं असंच असतं, तांब्याच्या फोनवर लाइन खराब व्हायला लागली की खरखर ऐकू यायची, आधीच कळायचं. इथे उणे २६ पर्यंत सगळं झकास चालतं आणि अर्ध्या तासात पूर्ण बंद. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, बसवायला आलेला माणूस दारात असतानाच आरएक्स पॉवर बघा, आकडा लिहून ठेवा, उणे २५ च्या खाली असेल तर त्याला जाऊ देऊ नका. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला दिवसाला ठरावीक कनेक्शनं करायची असतात आणि दिवा हिरवा झाला की काम संपलं असंच त्याला शिकवलंय. नंतर त्याने स्वतःच बॅगेतल्या उरलेल्या निळ्या टोकाच्या दोऱ्या वेगळ्या बांधून ठेवल्या.

आता स्पीड. प्लॅन २०० एमबीपीएसचा. लॅपटॉपला लॅन केबल लावून टेस्ट केली तर ९४ वर जाऊन अडकली, दर वेळी ९३, ९४, ९४. हा आकडा दिसला की ओळखायचं, कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसची झालीये. आमच्याकडे दोन कारणं निघाली. एक म्हणजे ह्या डब्याच्या चार लॅन पोर्टांपैकी फक्त पहिला गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) आहे, बाकी तीन १०० चेच, आणि हे खोक्यावर इतक्या बारीक अक्षरात लिहिलंय की माझ्याकडून दुकानात वाचलंच गेलं नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही, चार पोर्टचा गाजावाजा करता तर चारही नीट द्या. दुसरं, पोर्ट बदलूनही ९४ च, तेव्हा भिंतीतून गेलेल्या जुन्या केबलचं टोक बघितलं तर पूर्वीच्या माणसाने आठातल्या चारच तारा क्रिम्प केल्या होत्या. गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. टोकं नवीन मारली, आकडा १९६. वायरवर हे एवढं नीट झाल्याशिवाय वायफायकडे वळूच नका, नाहीतर नक्की कुठे अडतंय ते कळत नाही.

वायफायचं सांगायचं तर आमचं घर चिऱ्याचं, जुन्या भिंती हातभर जाड. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय त्याच खोलीत १८० देतं आणि माजघर ओलांडून स्वयंपाकघरात गेलं की नावही दिसत नाही. २.४ वर तिथे तीस-पस्तीस मिळतात, व्हिडिओ कॉलला पुरतात. पडवीत बसून काम करायचं असेल तर काहीच उपयोग नाही. हा डब्याचा दोष मी म्हणणार नाही, चिऱ्याच्या भिंतीपुढे कुठलाही डबा हरेल. मी केबल टाकून पडवीत वेगळा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा वेगळा छोटा डबा) लावला आणि प्रश्न मिटला. पण डबा कुठे बसवायचा हे फायबर ओढायच्या आधी ठरवा, बहुतेक जण दाराजवळच्या पहिल्या भिंतीला लावून जातात.

पहिल्या रात्री मी एक टेस्ट लावून झोपले, ती सगळ्यांनी करावी. लॅपटॉप वायरने जोडून गेटवेला (ऑपरेटरच्या बाजूचं पहिलं मशीन) सेकंदाला एक असा पिंग, म्हणजे जाऊन परत येणारा छोटा तपासणीचा संदेश, आठ तास चालू ठेवला. २८,८०० पैकी ३ हरवले. सरासरी ४ मिलीसेकंद. स्पीड टेस्ट अर्ध्या मिनिटाची असते, रात्रभरात लाइन टिकते का ते तिच्यात दिसत नाही.

फोनची गोष्ट आई-बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाची आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. डब्याला मागे टेलिफोनचा पोर्ट असतो, आपला साधा फोन त्यातच लावायचा, आतमध्ये मात्र तो इंटरनेटवरचाच कॉल असतो, नंबर ऑपरेटरच्या सर्व्हरवर रजिस्टर व्हावा लागतो. त्यांच्या स्वतःच्या डब्यांना ही माहिती ओएलटीकडून आपोआप जाते, आमचा दुसऱ्या कंपनीचा म्हणून गेली नाही. दोन दिवस फोनचा दिवा बंद. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसातल्या एका ताईंनी फोनवरून एक एक खाना सांगत हाताने भरून घेतलं, सर्व्हर, नंबर, पासवर्ड, व्हॉइसचा वेगळा व्हीलॅन (त्याच लाइनवर फोनसाठी राखलेली वेगळी वाट), आणि दिवा लागला. उचलला तर डायल टोन, तोच जुना ऊं आवाज. पहिला फोन आत्याला. आवाज तांब्यापेक्षा स्वच्छ आहे, आत्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली तीही ऐकू आली. बाबांचा जुना चकतीचा फोन लावून बघितला, घंटा वाजते, बोलता येतं, पण चकती फिरवून नंबर लागत नाही, ह्या डब्याला ते जुनं पल्स डायलिंग कळत नाही. मग बटणांचा फोन घेतला आणि चकतीचा आतल्या खोलीत फक्त आलेले फोन घ्यायला समांतर ठेवलाय, आईला त्याचीच घंटा आवडते.

एक मोठा फरक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगा. तांब्याच्या लाइनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट यायचे म्हणून घरची लाइट गेली तरी फोन चालायचा. काच वीज वाहत नाही, त्यामुळे लाइट गेली की डबा बंद, डबा बंद म्हणजे फोन बंद. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाणं हे रोजचंच. म्हणून डब्याबरोबर राउटरचा छोटा यूपीएस घेणं मी सक्तीचंच धरते. आपला अडॅप्टर बघून घ्या, आमचा १२ व्होल्ट दीड अँपिअरचा आहे, यूपीएस तेवढा देणारा हवा आणि पिन नीट बसायला हवी. जुलैत एकदा वादळात नऊ तास लाइट नव्हती, यूपीएसने साडेचार तास काढले. ऑपरेटरच्या बाजूची बॅटरी त्या दिवशी टिकली म्हणूनच हे शक्य झालं, तेवढं आपल्या हातात नाही.

ऑगस्टमध्ये लाल दिवा लागला. एलओएस, म्हणजे उजेडच येत नाहीये. वांदरांनी फणसाच्या झाडाजवळ ड्रॉप वायरीला लोंबकळून झोके घेतले होते, शेजारच्या काकांनी स्वतः बघितलं. तोच मुलगा आला, टोकातून लाल लेझर मारला, झाडाखाली वायरीच्या काळ्या कव्हरमधून लाल ठिपका चमकला तिथेच काच तुटली होती. तिथे तोडून दोन्ही टोकं स्प्लाइस केली, म्हणजे एकमेकांना जोडली, वर डबी लावली, आणि ह्या वेळी मी काही म्हणायच्या आधी त्यानेच विचारलं "ताई, पान उघडा, पॉवर किती येतेय बघू." उणे २१.६. बाबा दर महिन्याच्या एक तारखेला कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाच्या खाली हा आकडा लिहितात, मेपासून आत्तापर्यंत २१.३ ते २१.९ मध्येच आहे.

डब्याच्या तक्रारी अजून दोन-तीन. गरम होतो, झाकून ठेवायचा नाही, भिंतीला टांगा आणि दोन्ही बाजूंनी हवा राहू द्या. आतल्या पानाचा मूळ पासवर्ड खाली स्टिकरवर छापलेला असतो तो पहिल्याच दिवशी बदला. आणि मागचं रिसेटचं बारीक भोक कोणालाही दाबू देऊ नका, आमच्या भाच्याने पिन घालून दहा सेकंद दाबलं आणि इंटरनेटचं युजरनेम, फोनची सगळी माहिती पुसली गेली, परत त्या ऑफिसातल्या ताईंबरोबर पाऊण तास. तेव्हापासून सेटिंग भरून झालं की बॅकअपची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवते, मेनूत तो पर्याय आहे आणि परत चढवून बघितली तर व्यवस्थित चालते.

पाचपैकी साडेतीन देईन. उजेड पकडण्याचं मूळ काम आणि फोनचा आवाज ह्याला पूर्ण मार्क, पोर्टांच्या लपवाछपवीला एक कापला आणि गरम होण्याला अर्धा. ज्यांना फोन नको, फक्त इंटरनेट हवंय, त्यांनी ऑपरेटरचाच डबा भाड्याने घ्यावा, बिघडला तर बदलून देतात. माझ्यासारखं लँडलाइन नंबरही हवा आणि सेटिंगचं पान आपल्या हातात हवं असेल तर हा चालेल, फक्त सोबत हिरव्या-हिरव्या टोकांची एक जादा पॅचकॉर्ड आणि यूपीएस आधीच आणून ठेवा.